हिरव्या कापडाखालच्या चपला

ताईंना दोन गोष्टींचा भारी राग यायचा. एक, कुणी 'बसा' म्हटलं की. आणि दुसरी, कुणी म्हणायच्या आत आपल्यालाच बसावंसं वाटलं की. पहिला राग जुना होता, दुसरा गेल्या सहा महिन्यांतला.

त्यांचं कामच मुळी उभं राहण्याचं. हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमधल्या त्या सिस्टर. सर्जनच्या समोर टेबलापाशी उभं राहायचं, ट्रेवरचे चिमटे, कात्र्या, सुया हव्या त्या वेळी हव्या तशा हातात द्यायच्या, आणि आत गेलेलं प्रत्येक फडकं बाहेर आलंय ना हे बघायचं. थिएटरचे मोठे सर्जन तोंडाने काही मागत नसत, नुसता पंजा पुढे करत. त्या पंजावर काय ठेवायचं ते ताईंना बरोबर कळायचं. त्यांच्या नवऱ्याचं यावर कायमचं गाऱ्हाणं होतं. "त्या डॉक्टरच्या मनातलं ओळखतेस आणि माझ्या मनातलं लग्नाला इतकी वर्षं झाली तरी नाही," असं तो म्हणायचा. ताई म्हणायच्या, "तुम्हीही टेबलावर आडवे पडा, मग ओळखते."

त्यांना सगळेच ताई म्हणत. सर्जन म्हणत, झाडूवाले म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेले थिएटरचे मामासुद्धा म्हणत. हे मामा म्हणजे कुणाचे सख्खे मामा नव्हेत. हॉस्पिटलात पेशंटची ने-आण करणारा, साफसफाई बघणारा, धुणं-उकळणं करणारा जो कोणी पुरुष असतो तो सगळ्यांचा मामा असतो, तसे हे.

तर सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी ताई अंथरुणातून उठल्या, उजवा पाय जमिनीवर टेकला, आणि टाचेत खिळा घुसावा तशी कळ आली. दिवसभर चाललं की थोडं कमी व्हायचं, जरा बसून उठलं की पुन्हा तेच. हाडांच्या डॉक्टरांनी टाच दाबून बघितली तेव्हा ताईंनी त्यांच्या कोटाची बाही धरली ती सोडेचनात. तळव्याखालचा पट्टा सुजलाय, डॉक्टर म्हणाले. रोज पायरीच्या कडेवर पंजा टेकायचा आणि टाच खाली सोडायची, बर्फाची बाटली तळव्याखाली घोळवायची. "बरं होईल, पण सावकाश. घाई केलीत तर आणखी सावकाश," असा वर आशीर्वादही दिला.

व्यायाम ताई रोज करायच्या, कुरकुर करत. नवरा जिन्यात पेपर घेऊन बसायचा आणि मोठ्याने आकडे म्हणायचा. पेपर वाचण्याच्या नादात तो मागे जायचा, सातानंतर पुन्हा पाच. ताईंना पक्का संशय होता की तो मुद्दाम करतो. यावरून जिन्यातच भांडण व्हायचं आणि शेजारीण दार उघडून बघायची.

इतकं असूनही घरातलं दुखणं घरात राहिलं असतं तर ठीक होतं. पण दोन महिन्यांपूर्वी एका लांबलेल्या ऑपरेशनमध्ये, पेशंटचं पोट उघडं असताना, ताईंना म्हणावं लागलं, "मला स्टूल द्या." स्टूल आलं, तरी भागलं नाही. शेवटी धाकटी सिस्टर हात धुऊन, गाऊन चढवून त्यांच्या जागी उभी राहिली आणि ताई भिंतीला टेकून बसल्या. सर्जनचा पंजा आता धाकटीपुढे आला. तेच ताईंना जास्त लागलं.

दुसऱ्याच दिवशी मेट्रन मॅडमनी बोलावून घेतलं. मेट्रन म्हणजे हॉस्पिटलातल्या सगळ्या सिस्टरांच्या वरच्या बाई. फार बोलणाऱ्या नव्हेत. "तुम्ही खालचं स्टोअर सांभाळा," त्या म्हणाल्या. "बसून काम आहे. मान आहे. कुणाची कटकट नाही."

स्टोअर म्हणजे तळघरातली खोली. कापसाचे गठ्ठे, पट्ट्यांची खोकी, एक जाळीची खिडकी आणि तिच्यामागे एक चाकाची खुर्ची. ताईंनी मुदत मागितली. मेट्रननी विचार केला आणि सांगितलं, "लहान ऑपरेशनं करा तोवर. पुढे एक मोठं ठरलंय, सकाळपासून दुपार उलटेपर्यंत चालेल. ते निभावलंत तर टेबल तुमचं. मध्येच बसावं लागलं तर मात्र स्टोअर. मला पेशंटकडे बघायला हवं, सिस्टर." ताईंना त्यांचा रागही येईना, कारण त्यांच्या जागी ताई असत्या तर हेच बोलल्या असत्या.

म्हणून नव्या चपला आल्या.

आता थिएटरमध्ये नवी वस्तू येणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. तिथे एक मंडळ होतं. मंडळ कसलं, चार डोकी: ताई, मामा, धाकटी सिस्टर आणि भुलीचे डॉक्टर. चौघांनाही वस्तूंचं वेड. दर शनिवारी काम आटोपलं की थिएटरमागच्या चहाच्या खोलीत ऑपरेशनची एक स्टीलची ट्रॉली लोटत आणायची. ज्याने त्या आठवड्यात स्वतःसाठी काही घेतलं असेल त्याने ते ट्रॉलीवर ठेवायचं. वर हिरवं कापड, तेच, पेशंटवर घालतात ते. कापड ताईंनी काढायचं. मग वस्तू हातोहात फिरायची. हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही, किंमत विचारायची नाही, आणि मंडळाला दाखवल्याशिवाय वस्तू कामावर वापरायची नाही, असे नियम होते. कुणी केले होते देव जाणे, पण मोडायची छाती कुणाची नव्हती.

भुलीच्या डॉक्टरांना पक्षी बघायचा नाद. ते दुर्बिणी, टोप्या, शिट्ट्या असलं काहीबाही आणत आणि सोबतचं माहितीपत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवत. ज्या आवाजाने ते पेशंटला 'आता झोप येईल हं' म्हणत त्याच आवाजाने. एकदा मामा खरोखरच झोपले होते. धाकटीला विणकामाचा नाद, लोकरीचे गुंडे आणि बांबूच्या सुया घेऊन यायची आणि सगळ्यांच्या गालाला लोकर लावून विचारायची, "टोचते का?" मामांकडे घरी माशांची काचपेटी होती. ते माशांना लपायला मातीची गुहा आणायचे, शेवाळाची रोपटी आणायचे, आणि त्या वस्तू माशांना कितपत पसंत पडल्या हे पुढच्या शनिवारी तपशीलवार सांगायचे.

त्या शनिवारी ताईंनी कापड काढलं तेव्हा ट्रॉलीवर पांढऱ्या रबरी चपला होत्या. पुढून बंद, मागून उघड्या, दिसायला अगदीच ध्यान. पण आत एक निळी गादी होती, टाचेपाशी फुगीर, मधे उंच. ती बाहेर काढता यायची.

"काय रूप आहे," धाकटी म्हणाली.

"रूप बघायचं असेल तर माझ्याकडे बघ," ताई म्हणाल्या. "ह्यांच्यात पाय घालून बघ."

धाकटीने घातल्या. व्हरांड्यातून एक चक्कर मारून आली आणि म्हणाली, "ताई, मी परत देत नाही." भुलीच्या डॉक्टरांनी माहितीपत्रक मागून घेतलं आणि निळ्या गादीची सगळी कुंडली वाचली. मामांनी गादी हातात घेऊन दाबली, उलटी केली, नाकाला लावली. "माशाला दिली तर झोपेल यावर," ते म्हणाले. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नसे.

ताई हसल्या, पण मनातून धास्तावल्या होत्या. मोठं ऑपरेशन सोमवारवर येऊन ठेपलं होतं आणि त्यांची सगळी भिस्त त्या दोन निळ्या तुकड्यांवर होती. "मामा, माझ्या जुन्या चपला टाकून द्या," त्या म्हणाल्या. "आणि ह्या धुऊन सोमवारी माझ्या कपाटापाशी ठेवा." त्या जुन्या चपलांना त्यांनी सहा महिने शिव्या घातल्या होत्या. पत्र्यासारख्या सपाट गाद्या त्यांच्या आत.

सोमवारी ताई सकाळी नव्या चपला चढवून आत गेल्या. कोपराच्या वरपर्यंत हात धुतले, गाऊन घातला, हातमोजे चढवले आणि टेबलापाशी उभ्या राहिल्या. धाकटी बाहेरच्या बाजूला, लागेल ते उघडून द्यायला. भुलीचे डॉक्टर पेशंटच्या उशाशी. सर्जननी पंजा पुढे केला.

सुरुवातीला ताईंचं निम्मं लक्ष टाचेकडे होतं. आता येईल कळ, मग येईल कळ. उजव्या पायावर भार द्यायचा की नाही, दिला तर किती. गेले कितीतरी दिवस त्या अशाच चालत होत्या, टाच जमिनीला लागू न देता, दुखण्यापेक्षा दुखेल या भीतीनेच जास्त. मग ऑपरेशन अवघड जागी पोचलं. रक्त यायला लागलं, पंजा भराभर पुढे यायला लागला आणि ताईंना पाय आहेत हेच त्यांच्या डोक्यातून गेलं. चिमटा, चिमटा, दोरा, फडकं, पुन्हा चिमटा. बऱ्याच वेळाने सर्जननी मान वर केली आणि खांदे सैल सोडले, तेव्हा ताईंच्या लक्षात आलं की आपण दोन्ही पायांवर सरळ उभ्या आहोत.

एक गोष्ट मात्र त्यांना खटकत होती. मामा. त्यांचं आत काही काम नव्हतं. तरी ते मास्क लावून भिंतीपाशी उभे होते, हलायला तयार नाहीत. पाठीमागे काहीतरी धरलं होतं. म्हातारा माझी परीक्षा बघायला आला वाटतं, असं ताईंना वाटलं आणि थोडा रागही आला. मागे नीट वळून बघता येत नव्हतं म्हणून त्यांनी तो विषय सोडला.

दुपार कलल्यावर शेवटचा टाका पडला. फडकी मोजली, सगळी होती. पेशंटला हळूहळू जाग आली, भुलीच्या डॉक्टरांनी त्याला नाव विचारलं, त्याने सांगितलं. सर्जन जाता जाता म्हणाले, "छान झालं, ताई." ताईंचा जीव भांड्यात पडला.

चहाच्या खोलीत त्या आल्या त्या बोलतच. "गादी म्हणजे गादी आहे हो. मी सांगते तुम्हाला, ढगावर उभी होते. अहो, एवढा वेळ, आणि टाचेला पत्ता नाही. ज्याने ती शोधून काढली त्याचे पाय धुऊन पाणी प्यायला हवं." भुलीच्या डॉक्टरांनी लगेच फोन काढला आणि स्वतःसाठी एक जोड मागवायला घेतला. धाकटी म्हणाली, माझ्या आईलाही पाहिजे. "निळीच मागवा," ताई म्हणाल्या. "गादी निळीच हवी."

"थांबा," मामा म्हणाले.

ते दारात उभे होते. एका हातात अजून ते स्टूल होतं. सकाळपासून पाठीमागे धरलेलं ते हेच. मामांचा चेहरा असा पडला होता की धाकटीने त्यांना आधी खुर्ची दिली.

"ताई, तुम्ही मला काय बोलायचं ते बोला," मामा म्हणाले, आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून टेबलावर सोडली. आत दोन निळे तुकडे होते. वाळल्या पानासारखे वळलेले, कडक, आणि इतके आकसलेले की तान्ह्या मुलाच्या पायालाही झाले नसते.

कुणालाच काही कळेना. मग मामांनी सांगितलं. शनिवारी सगळे गेल्यावर त्यांनी चपला धुतल्या. गाद्या बाहेर काढल्या. आता, ह्या थिएटरमध्ये टेबलावर लागणारी कुठलीही वस्तू वाफेच्या मशीनमधून काढल्याशिवाय आत नेत नाहीत. कात्री असो, कापड असो, सगळं त्या उकळत्या वाफेतून जातं. मामांचा हात इतक्या वर्षांत त्या मशीनकडे आपोआप वळायला लागलेला. "तुमची गादी, ताई. एवढ्या मोठ्या ऑपरेशनला जाणार. म्हटलं, नीट निर्जंतुक करूनच देऊ. चपला धुऊन ठेवल्या, आणि गाद्या घातल्या मशीनमध्ये. दार उघडलं तेव्हा हे असं."

"मग आज माझ्या चपलांत काय होतं?" ताईंनी विचारलं.

मामा जमिनीकडे बघत होते. "रविवारी सगळी दुकानं पालथी घातली. तशी गादी कुठे मिळेना. नुसत्या चपला कशा देणार? तुम्ही टाकून द्या म्हणालात त्या जुन्या, मी टाकल्या नव्हत्या. त्यातल्या गाद्या धुतल्या, कातरून बसवल्या, आणि चपला रात्रीच तुमच्या कपाटापाशी ठेवल्या. सकाळी सांगणार होतो. पण मी आलो तेव्हा तुम्ही हात धूत होतात. तेव्हा सांगितलं असतं तर तुमचं अवसानच गेलं असतं. म्हणून स्टूल घेऊन मागे उभा राहिलो. म्हटलं, पाय जरा डळमळला की सरकवतो, मेट्रनच्या लक्षात यायच्या आत."

ताईंनी पायातली चप्पल काढली आणि आत हात घातला. करडी, पत्र्यासारखी सपाट गादी बाहेर आली. तिच्या टोकाला त्यांच्याच अंगठ्याचा खळगा पडलेला होता. त्यांनी ओळखला.

"पण हिच्यावर तर मला उभं राहवत नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या.

"आज राहिलात," भुलीचे डॉक्टर म्हणाले. त्यांनी फोन खाली ठेवला होता.

मेट्रन मॅडम दारात कधी आल्या ते कुणाला कळलं नाही, पण सगळं ऐकलं होतं एवढं नक्की. मामा उठून उभे राहिले, स्टुलासकट. मेट्रननी त्यांच्याकडे बघितलंही नाही. "दुसरीही काढा, सिस्टर," त्या म्हणाल्या. "चाला."

ताई अनवाणी उभ्या राहिल्या. फरशी गार होती. खिडकीपर्यंत गेल्या आणि परत आल्या, आणि येताना त्यांनी मुद्दाम टाच आपटून आपटून टाकली. मग भुलीचे डॉक्टर चक्क खाली बसले, ताईंचा पाय गुडघ्यावर घेतला आणि अंगठ्याने टाच दाबली.

"इथे?"

"नाही."

"इथे दुखतं?"

"नाही हो. गुदगुल्या होतायत."

डॉक्टर उठले आणि गुडघे झटकत म्हणाले, "हे दुखणं असंच जातं, ताई. येताना वाजतगाजत येतं आणि जाताना सांगतसुद्धा नाही. व्यायाम करत होतात ना? त्यानेच गेलं. केव्हाच गेलं असेल. तुम्हीच त्याला अजून घरात आहे असं समजून दबकत चालत होतात."

सहा महिने ताईंना वाटत होतं की आता आपण असेच, कशाच्या तरी आधाराने उभे राहणारे. आज स्टूल, उद्या ती गादी, परवा काठी. आणि ज्या पायावर विश्वास ठेवायचं सोडलं होतं तो आज त्यांना घेऊन उभा राहिला होता, काहीही मदत नसताना. त्यांना इतकं हलकं वाटलं की हसावं की काय करावं कळेना.

"टेबल तुमचं," मेट्रन म्हणाल्या. वळल्या, आणि दारातून मान मागे करून म्हणाल्या, "मामा, माझ्या कुठल्याही वस्तूला तुम्ही हात लावायचा नाही." त्या गेल्यावर आधी धाकटी हसली, मग सगळेच. मामा हसता हसता डोळे पुसत होते. ताईंनी त्यांच्या हातातलं स्टूल काढून घेतलं, खाली ठेवलं आणि त्यांनाच त्याच्यावर बसवलं. "तुम्ही सकाळपासून उभे आहात," त्या म्हणाल्या. "आणि बोलायचं काय ते उद्या बोलेन, आज माझ्याच्याने होणार नाही." मग त्यांनी सगळ्यांना चहा ओतला.

चहा झाल्यावर त्यांनी व्हरांड्यात जाऊन घरी फोन लावला. नवऱ्याने पहिल्याच घंटीला उचलला.

"काय झालं? स्टोअर का?"

"नाही. टेबल."

"आणि पाय?"

"बरा झालाय. म्हणजे खरंच बरा. त्या जुन्या सपाट गाद्यांवर उभी होते आज, कळलंच नाही. घरी आल्यावर सांगते, मोठी भानगड आहे."

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "अहो, काय झालं?"

"मी ते स्टोअर बघून आलो होतो गं," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यात. तुला सांगितलं नाही. म्हटलं, बघावं कुठे बसवणारेत तुला. ती जाळी, आणि मागे ती खुर्ची. तू तिथे बसलीयस असं माझ्या डोळ्यांपुढे आलं आणि मला तिथेच रडू फुटलं. त्या दिवसापासून मी जिन्यात आकडे जास्तच चुकवत होतो. तेवढाच तुझा व्यायाम जास्त."

ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. थट्टा करून न्यावी असं त्यांच्या मनात आलं. "खुर्ची काही वाईट नव्हती हो," त्या म्हणाल्या, "चाकं होती तिला," आणि पुढचं त्यांना बोलता येईना, कारण त्याही रडत होत्या, आणि दोघांनाही बरं वाटत होतं म्हणून कुणीच फोन ठेवला नाही.